कॉफी हाउस ते मॉरिस टी-पॉइंट

सकाळी कस्तुरचंद पार्कला फेऱ्या मारून झाल्या की तर्री पोह्यांच्या ठेल्यापाशी आमच्या वयाची मंडळी उभी राहते. तिथला एक ठरलेला विषय आहे: आजकालची कॉलेजची पोरं बोलत नाहीत. देशात काय होऊन राहिलं, राज्यात काय होऊन राहिलं, त्यांना कशाचंच सोयरसुतक नाही. मान खाली आणि अंगठा मोबाइलवर. मी सदरमध्ये जन्मले, हिस्लॉपमध्ये शिकले आणि सदरमधल्याच एका शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. या तक्रारीला माझं उत्तर आहे, पण ते पोह्यांची प्लेट संपेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून लिहायला घेतलं.

पोरं जन्मतः बोलकी नसतात की मुकी नसतात. त्यांच्या बोलण्याला जागा लागते. दोन तास बसलं तरी कुणी उठवणार नाही असं टेबल लागतं, जवळपास एखाद्या वर्तमानपत्राची कचेरी लागते, निवडून यायचं असेल तर चार पोरांची मनं वळवावी लागतील अशी एखादी निवडणूक लागते, आणि आपलं म्हणणं सरकार नावाच्या कुणाच्या तरी कानावर जाईल अशी थोडीफार आशा लागते. एके काळी नागपुरात हे सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या पायी अंतरात होतं. ते कसं जमलं आणि कसं उसवलं, ते सांगते.

सदर म्हणजे मूळचा सदर बाजार. छावणीतल्या शिपायांच्या आणि साहेबांच्या गरजेपोटी वसलेला. छावणी हे नाव अजून एका वस्तीला आहे, रेसिडेन्सी रोड अजून रेसिडेन्सी रोडच आहे. शिपायांबरोबर दक्षिणेतली कुटुंबं आली, मिशनरी आले, पारशी आणि बोहरी दुकानदार आले, मंगळवारी बाजार भरू लागला. १८७० पासूनची सेंट फ्रान्सिस डी सेल्सची शाळा इथलीच. त्यामुळे आमच्या गल्लीत लहानपणी एका वेळी चार भाषा कानावर पडत आणि भांडण मात्र नागपुरी हिंदीत होई. सदरला लागून सिव्हिल लाइन्स: विधान भवन, साहेबांचे बंगले, कचेऱ्या. त्याच्या दक्षिणेला सीताबर्डी. राज्य चालवणारे, शिकणारे आणि दुकान चालवणारे इतके जवळ जवळ राहणारं गाव महाराष्ट्रात दुसरं नसेल, निदान १९५६ पर्यंत तरी नव्हतं.

कॉलेजं मात्र बराच काळ परक्या विद्यापीठांच्या दावणीला होती. स्कॉटिश मिशनचं हिस्लॉप १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. परीक्षा आधी कलकत्त्याच्या, पुढे अलाहाबादच्या. स्वतःचं विद्यापीठ यायला १९२३ उजाडलं. पण राजकारण त्याच्या आधीच येऊन बसलं होतं. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं आणि असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं. काँग्रेसनगर ही वस्ती ते नाव अजून मिरवते. त्याच दिवसांत नागपुरातच कॉलेज विद्यार्थ्यांची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष लाला लजपतराय. सरकारी कॉलेजं सोडायची की नाहीत, हा त्या वेळी वादविवाद स्पर्धेचा विषय नव्हता. घरी वडिलांना काय सांगायचं, असा तो प्रश्न होता.

विद्यापीठ स्थापन झाल्याची तारीख ४ ऑगस्ट १९२३. ती तारीख आमच्या पाठ्यपुस्तकांत असते, पण त्या दिवशी नागपुरात आणखी काय सुरू होतं ते नसतं. मे महिन्यापासून झेंडा सत्याग्रह पेटलेला होता. हातात तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरायचं नाही, असा सरकारी हुकूम. जमनालाल बजाजांना अटक झाली, मग सूत्रं वल्लभभाई पटेलांकडे आली, देशभरातून स्वयंसेवक नागपूरला येऊन तुरुंगात जात होते. १८ ऑगस्टला झेंड्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली तेव्हाच हा लढा थांबला. म्हणजे विद्यापीठ स्थापन होत असताना शेजारच्या रस्त्यावरून झेंडा घेऊन चालणं हा गुन्हा होता. सर बिपिनकृष्ण बोस पहिले कुलगुरू. मध्य प्रांत आणि वऱ्हाड एवढा थोरला मुलूख या एका विद्यापीठाकडे. पुढे त्यातून सागर निघालं, १९८३ ला अमरावती आणि २०११ ला गडचिरोलीचं गोंडवाना. पण त्या आरंभीच्या काळात सागरचा, जबलपूरचा, अकोल्याचा आणि रायपूरचा मुलगा एका सिनेटच्या छत्राखाली होता, आणि नागपूरच्या वसतिगृहांत हिंदी-मराठीची जी सरमिसळ झाली तिच्याशिवाय नागपूरचं राजकारण समजत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी नागपूर विद्यापीठाला मनातून मानते, ती १९३८ सालची.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात उस्मानिया विद्यापीठ होतं. वसतिगृहांतल्या हिंदू मुलांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम म्हणायला सुरुवात केली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात नोव्हेंबर १९३८ मध्ये ठिणगी पडली, मग हैदराबाद, वरंगळ, गुलबर्गा. संस्थानानं बंदी घातली, मुलांनी संप केला, मुलांना काढून टाकलं. काढून टाकलेल्या मुलांना दुसरीकडे घेतील अशी शक्यताही नव्हती. काही विद्यापीठांनी नकार दिला. संस्थानाशी वैर कोण पत्करणार? तेव्हा नागपूरचे कुलगुरू होते टी. जे. केदार. त्यांनी दारं उघडली. औरंगाबादकडची मराठी मुलं, तेलंगणातली तेलुगू मुलं, कर्नाटकाच्या टोकाची कानडी मुलं नागपूरच्या कॉलेजांत दाखल झाली.

माझे वडील त्या वर्षी मॉरिसला होते. त्यांच्या सांगण्यातून मला जे आठवतं ते मोठ्या इतिहासाचं नाही. उस्मानियात सगळं शिक्षण उर्दूतून, गणित आणि शास्त्रंसुद्धा. ही मुलं इथे आली तेव्हा त्यांना त्रिकोणाला ट्रायँगल म्हणतात हे शिकावं लागलं, कारण त्यांच्या वह्यांत तो मुसल्लस होता. खानावळीत बसून एकजण भूमितीची आकृती काढी आणि दुसरा तिची इंग्रजी नावं भरी. बदल्यात ती मुलं यांना संस्थानातल्या गोष्टी सांगत: सभेला परवानगी लागते, वाचनालय काढायलाही लागते, वर्तमानपत्र सीमेवर अडवतात. वडील म्हणायचे, “आम्ही इंग्रजांच्या राज्यात गुलाम होतो, पण ही पोरं आली तेव्हा कळलं, गुलामीतही मजले असतात.”

यात आणखी एक गंमत होती. वऱ्हाड हे कागदोपत्री निजामाचंच. १९३६ पासून त्याच्या युवराजाला बेरारचा प्रिन्स अशी पदवीही होती. आणि त्याच वऱ्हाडाचं विद्यापीठ निजामानं हाकललेल्या पोरांना वर्गात बसवत होतं. केदारांना ही गंमत कळत नसेल असं मला वाटत नाही.

त्या मुलांपैकी एकाचं नाव सगळ्या देशाला ठाऊक झालं: पी. व्ही. नरसिंह राव. कायद्याची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठाचीच घेतली. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत ते आंध्रातल्या हनमकोंड्यात पडले आणि आमच्या रामटेकमध्ये निवडून आले, १९८९ ला पुन्हा रामटेकमधूनच. बाहेरचा उमेदवार म्हणून तेव्हा बरीच कुरकुर झाली. वडिलांना ती मान्य नव्हती. ते म्हणत, बाहेरचा कसा, तो तर इथल्या खानावळीत जेवलेला आहे.

त्या काळच्या नागपुरात सगळं एकदिलानं चाललं होतं असं समजू नये. १९३८ च्याच जुलैमध्ये प्रांताचे पंतप्रधान ना. भा. खरे यांचा काँग्रेसश्रेष्ठींशी खटका उडून त्यांना जावं लागलं होतं आणि रविशंकर शुक्ल आले होते. खरे मराठी, शुक्ल हिंदी भागातले. वर्ध्याहून, म्हणजे सेवाग्रामच्या अवतीभवतीच्या हालचालींतून, हे घडलं असं म्हणणारे आणि न म्हणणारे असे वसतिगृहाचे दोन तट पडले होते. महालात संघाच्या शाखा होत्या. इंदोऱ्याकडे आंबेडकरांच्या चळवळीचं काम जोरात होतं. गिरणीभागात लाल बावटा. एकाच वर्गातली चार मुलं संध्याकाळी चार दिशांना जात आणि सकाळी पुन्हा एका बाकावर भांडत.

ही भांडणं किती टोकाला जाऊ शकतात त्याचाही नमुना नागपुरातच घडला. १९३६ साली लखनौला स्थापन झालेली ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशन डिसेंबर १९४० च्या नागपूर अधिवेशनात फुटली; कम्युनिस्ट एकीकडे, काँग्रेस समाजवादी दुसरीकडे. युद्धाचं काय करायचं, हा मुद्दा. त्याच वर्षी अर्धेंदू भूषण बर्धन नावाचा सोळा वर्षांचा बंगाली मुलगा नागपुरात फेडरेशनमध्ये आला. १९४५ ला तो नागपूर विद्यापीठ विद्यार्थी संघाचा अध्यक्ष होता आणि १९५७ ला नागपुरातून अपक्ष म्हणून आमदार. ए. बी. बर्धन पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले तरी भाषण मराठीत करायचे आणि ते ऐकायला संघवालेही यायचे. मी एकदा ऐकलं आहे. आवाज खणखणीत, आणि समोरच्याचा मुद्दा आधी नीट मांडून मग तो खोडायची सवय. ही सवय सभागृहात नाही लागत. वसतिगृहाच्या व्हरांड्यात लागते, जिथे समोरचा उद्या सकाळीही भेटणार असतो.

स्वातंत्र्यानंतरचं एक पान नागपूरकर स्वतःच विसरले आहेत. १९५२ मध्ये हिस्लॉपमध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली त्यासाठी आले होते. देशात पत्रकारिता कॉलेजात शिकवायची असते हीच गोष्ट तेव्हा बऱ्याच संपादकांना विनोदी वाटत असे. हिस्लॉपचे प्राचार्य डेव्हिड मोझेस हे तत्त्वज्ञानाचे माणूस, जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळावर गेलेले. बाहेर गावात गोखल्यांच्या भारत सेवक समाजानं १९११ साली काढलेला ‘हितवाद’ होता, माडखोलकरांचा ‘तरुण भारत’ होता, हिंदीत ‘नवभारत’ होता. सिव्हिल लाइन्समध्ये १९४८ पासून आकाशवाणी. गजानन माधव मुक्तिबोध त्याच काळात नागपुरात आकाशवाणीत आणि ‘नया खून’ साप्ताहिकात काम करत होते, नागपूर विद्यापीठातून हिंदीचं एम. ए. करत होते, आणि त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत होते, इथेच शिकवत होते. कॉलेजचा मुलगा एखाद्या सभेचं वार्तापत्र लिहून सायकलनं कचेरीत नेऊन देई आणि दुसऱ्या दिवशी ते चार ओळींत छापून येई. त्या चार ओळींची किंमत तेव्हाच्या पोरांना विचारा.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी गेली, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. वडील सचिवालयात कारकून. आमच्या गल्लीतल्या कितीतरी घरांवर मुंबईच्या बदल्यांचे हुकूम आले. वडील गेले नाहीत, धडपड करून जिल्ह्याच्या कचेरीत राहिले, आणि बढती कायमची हुकली. सदरच्या दुकानदारांनी उधारीच्या वह्या मिटवल्या. १९५३ च्या नागपूर करारानं दिलेलं आश्वासन म्हणून १९६० पासून हिवाळी अधिवेशन नागपुरात भरू लागलं. कराराचं एक कलम सहसा कुणी सांगत नाही: शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. विद्यार्थ्यांच्या विदर्भवादाचं मूळ भाषणबाजीत कमी आणि त्या कलमात जास्त होतं. इंजिनिअरिंगच्या आणि मेडिकलच्या जागा मोजणाऱ्या पोरांनी तो करार पाठ केला होता. साठीच्या दशकात वऱ्हाडात कृषी विद्यापीठासाठी आंदोलन पेटलं तेही त्याच हिशेबातून, आणि १९६९ ला अकोल्याचं विद्यापीठ मिळालं.

राजधानी गेल्यानं एक विचित्र गोष्ट झाली. अकरा महिने विधान भवन रिकामं, आणि डिसेंबर आला की दोन-तीन आठवडे सगळं सरकार आपल्या दारात. तेवढ्यासाठी मागण्या साठवून ठेवायची सवय नागपूरला लागली. मोर्चा कुठे अडवायचा हे पोलिसांचं ठरलेलं असतं: टेकडी रोड, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, आणि सदरच्या बाजूने आलात तर लिबर्टी टॉकीज. ज्या कॉलेजात वाद घालायला शिकायचं त्याच कॉलेजच्या नावाच्या चौकात बॅरिकेड लागतं, हे फक्त आमच्याच गावात.

कॉफी हाउस याच सुमाराचं. कॉफी बोर्डानं पन्नाशीच्या दशकात आपली कॉफी हाउसेस बंद करायला काढली तेव्हा ए. के. गोपालनांच्या पुढाकारानं तिथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. पहिली संस्था बंगळूरला १९५७ च्या ऑगस्टमध्ये, मग दिल्ली, आणि नागपुरातही. सदरच्या कॉफी हाउसात वाढप्याच्या डोक्यावर पंख्यासारखा तुरा काढलेलं पांढरं पागोटं असे. त्याला घाई करायचं कारण नसे, कारण तोच मालक होता. पोरांना तिथे बसू द्यायचे त्यामागचं कारण मला हे वाटतं. नोकराला गल्ला दाखवायचा असतो, भागीदाराला नाही. एक कटलेट, तीन काटे, कॉफी दोन आणि माणसं पाच.

मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा आणीबाणी होती. मुलींनी कॉफी हाउसात बसणं तेव्हा सदरमध्येसुद्धा सरळ मानत नसत. आम्ही दोघी-तिघी गेलो की वेटर आपण होऊन कोपऱ्यातलं टेबल देई, आणि ते टेबल दाराजवळच्या टेबलापासून बरोबर ऐकू येईल इतक्या अंतरावर होतं. दाराजवळ कोण बसतं हे सगळ्यांना माहीत होतं: राज्यशास्त्राची मुलं, दोन वकील, एक निवृत्त स्टेशनमास्तर आणि कधीकधी साध्या कपड्यातला एक गृहस्थ, ज्याला पाहून विषय क्रिकेटवर जाई. व्हीसीएचं मैदान जवळच, त्यामुळे सोंग बेमालूम वठे. संघावर बंदी आलेली, काही प्राध्यापक आत, काही घरी गप्प. मार्च १९७७ मध्ये देशभर काँग्रेस पडली आणि नागपुरात मात्र काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून आले. त्या आठवड्यात दाराजवळच्या टेबलावर जी खडाजंगी झाली ती मला आजही शब्दशः आठवते, पण इथे लिहिण्यासारखी नाही. सार एवढंच की “आपल्या लोकांना अक्कल नाही” असं एकजण म्हणाला आणि स्टेशनमास्तर म्हणाले, “बाबू, लोकांना अक्कल नाही म्हणणाऱ्यानं निवडणूक मागू नये.”

त्या टेबलाचं कौतुक करताना एक गोष्ट झाकायची नाही. तिथे कोण नव्हतं? इंदोऱ्याची मुलं नव्हती. अंतर सायकलनं फार नाही, पण कटलेटचे पैसे आणि ‘कुठला रे तू’ हा प्रश्न ही दोन्ही अंतरं मोठी होती. त्यांची चर्चा वस्तीतल्या विहारांत, समाजमंदिरांत, वसतिगृहांत चाले, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा जास्त गंभीर चाले.

ते आम्हाला १९७८ ला कळलं. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नागपुरात संताप उसळला, आणि ४ ऑगस्टला रक्त सांडलं. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलाजवळ नामांतर शहिदांचं स्मारक आहे. दर वर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात. ४ ऑगस्ट. विद्यापीठाचा स्थापना दिवस. मी एम. ए. ला होते. आमच्या वर्गात त्या आठवड्यात हजेरी घेतली गेली, राज्यघटनेतल्या मूलभूत हक्कांवर व्याख्यान झालं, आणि कुणी एका शब्दानं इंदोरा म्हटलं नाही. मागच्या बाकावरचे दोघे जण त्या दिवसानंतर आलेच नाहीत. ते पुढच्या वर्षी मला दीक्षाभूमीवर दिसले, ११ नोव्हेंबर १९७९ ला, प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या लाँग मार्चमध्ये पायी औरंगाबादला निघालेल्यांत. मी कडेला उभी होते. त्यातला एक हसला आणि म्हणाला, “मॅडम, ट्युटोरियल भरून द्या माझं.” मी तेव्हा कुणाची मॅडम नव्हते. मार्च खडकपूर्णा नदीपाशी पोलिसांनी अडवला. नाव मिळायला, तेही नामविस्तार म्हणून, १४ जानेवारी १९९४ उजाडला.

या सगळ्या वर्षांत विद्यार्थी संघाच्या निवडणुका होत होत्या. त्यात दारू होती, मारामाऱ्या होत्या, भिंती रंगवणं होतं, पैसा होता. मी भाबडेपणानं सांगत नाही. पण त्याच गावातल्या विद्यार्थी चळवळींतून श्रीकांत जिचकार आले, मुकुल वासनिक आले, नितीन गडकरी आले, देवेंद्र फडणवीस आले. पक्ष वेगळे, शाळा एक. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका गेल्या. वर्गप्रतिनिधी गुणांवरून नेमायचा, म्हणजे ज्याला सगळ्यांत जास्त मार्क तो तुमचा पुढारी. परीक्षेत पहिला येणाऱ्याला चार पोरांची मनं वळवावी लागत नाहीत, हे कायदा करणाऱ्यांना कळत होतंच. तोच तर हेतू होता. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला अधिवेशनाच्या काळात गोवारींचा मोर्चा विधान भवनाजवळ चेंगरला आणि ११४ माणसं मेली, बहुतेक बाया आणि मुलं. त्यानंतर मोर्च्यांचा बंदोबस्त अधिक कडक झाला. एका वर्षात कॉलेजातलं मतदान गेलं आणि रस्त्याचा धसका बसला.

बाकीचं हळूहळू गेलं. पगार वाढले, प्राध्यापक गाडीतून येऊ लागले आणि तास संपला की परत जाऊ लागले. सेमिस्टर आली. २०२० मध्ये रेसिडेन्सी रोडवर उड्डाणपूल झाला आणि खाली पायी चालणं म्हणजे धाडस झालं. भा. ल. भोळ्यांसारखा राज्यशास्त्राचा प्राध्यापक, ज्याच्या घरी विद्यार्थी वेळी-अवेळी जाऊन भांडत, २००९ ला गेला.

तर आता पोरं कुठे आहेत? ती अभ्यासिकांत आहेत. भाड्याच्या हॉलमध्ये प्लायवूडच्या खोक्यांत, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत, एमपीएससीची. राज्यघटना त्यांना आमच्यापेक्षा पाठ आहे. कोणतं कलम कधी दुरुस्त झालं ते झोपेत सांगतील. फक्त ती दुरुस्ती बरी की वाईट, हे त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्याला चार पर्याय नसतात. अभ्यासिकेच्या भिंतीवर पाटी असते: शांतता राखा. आणि तरीही दहा वाजता चहाला बाहेर येतात तेव्हा टपरीवर उभं राहून ऐका. पेपर फुटला, भरती लांबली, स्वाधार योजनेचे पैसे आले नाहीत, वसतिगृहाची यादी लागली नाही. २०२३ मध्ये कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला तेव्हा हीच पोरं राज्यभर रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरात सरकारला तो मागे घ्यावा लागला. रिझर्व्ह बँकेपाशी, संविधान चौकात, शिष्यवृत्तीसाठी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांतली बरीचशी पहिल्या पिढीची, खेड्यांतली, आमच्या कॉफी हाउसात ज्यांना जागा नव्हती त्यांच्या घरांतली. कस्तुरचंद पार्कच्या पोहेवाल्यापासून संविधान चौक चार पावलांवर आहे. पोरं बोलत नाहीत म्हणणाऱ्यांनी ती चार पावलं टाकलेली नाहीत.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद परत आली. २०१९ ला वेळापत्रक निघालं आणि विधानसभेच्या निवडणुकीचं कारण देऊन पुढे ढकललं गेलं. तेव्हापासून ज्यांनी पदवी घेतली त्यांनी कॉलेजात मत दिलेलं नाही, आणि अठरा पूर्ण झाल्यावर सरकार निवडायला मात्र आपण त्यांना रांगेत उभं करतो. माझं म्हणणं कुलगुरूंना आणि सिनेटच्या सभासदांना आहे, पोह्याच्या ठेल्यावरच्या मित्रांना आहे आणि माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकांनाही. निवडणुका घ्या. त्यात गोंधळ होईल, तो निस्तरायला पोलीस आहेत. आणि पुढच्या ४ ऑगस्टला दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार झाल्यावर एक तास सभागृह विद्यार्थ्यांच्या हाती द्या, विषय त्यांना ठरवू द्या. दहा नंबर पुलावरून येणाऱ्यांसाठी पुढच्या रांगेत खुर्च्या ठेवा.